आडवं मुसळ

आमच्या गावात पिलेग आला हे सरकारनं कधी सांगितलं नाही. ते मुसळ सांगायचं. ज्या घरात उंदीर मरून पडला, त्या घरच्या बाईनं कांडायचं मुसळ उचलायचं आणि बाहेरच्या उंबऱ्यासमोर आडवं टाकायचं, एवढाच रिवाज. कुणी हाका मारायच्या नाहीत, कुणी गळा काढायचा नाही. पाण्याला निघालेली पहिली बाई ते बघायची, रिकामी घागर घरात ठेवायची आणि शेजारी सांगायची. दिवस मावळायच्या आत सगळं गाव गाडीत, डोक्यावर, काखेत मावेल तेवढं घेऊन माळाला लागलेलं असायचं.

मी उदगीरकडची. आमच्याकडं उंदीर पडला तर लोक चोरी केल्यासारखे गप बसायचे, घरटी एखादं माणूस गेलं की मग पळापळ. म्हणून लग्न होऊन भालकीकडच्या या गावात आले आणि पहिल्याच थंडीत सासूबाईंनी आमच्याच दारात मुसळ टाकलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नव्या नवरीच्या पायगुणानं पिलेग आला असं गाव म्हणणार, हे मी धरूनच चालले होते. पण कुणी चकार शब्द काढला नाही. उलट समोरच्या घरची बाई येऊन म्हणाली, बरं केलंत, आमची लेकरं वेळेवर निघाली. घरात सगळे आपसात कानडी बोलायचे आणि माझ्याशी मराठी. सासऱ्यांना सगळे अप्पा म्हणायचे, सासूबाईंना अव्वा, म्हणून मीही तेच म्हणायला लागले. गाडीत बसताना अव्वानं मला सांगितलं, की या गावात मुसळ टाकणाऱ्याला कुणी नाव ठेवत नाही, लपवणाऱ्याला ठेवतात.

खरं सांगू का, माळावरचे दिवस मला आवडायचे. तुराट्यांची कुडं, वर कडब्याचं छप्पर, तीन दगडांची चूल. घरातली बंधनं तिथं आपोआप सैल व्हायची, सासवासुनांची भांडणंसुद्धा वाऱ्यावर जायची. पाडव्याच्या सुमाराला गाव परत यायचं, घरं शेणानं सारवायची, लिंबाच्या पाल्याची धुरी द्यायची आणि पुन्हा चुली पेटायच्या. त्या वर्षी आमच्या गावातलं एक म्हातारं माणूस गेलं, तेही दम्यानं. डाक्टर नव्हता, सुई नव्हती, कुणी शिपाई काठी घेऊन हाकलायला आला नव्हता. एका बाईनं दुसरीचं ऐकलं, एवढ्यावर गाव वाचलं होतं.

सरकारची गोष्ट वेगळी. निजामाचं राज्य होतं, पण आम्हाला राजा कधी दिसला नाही, दिसायचे ते तालुक्याहून येणारे लोक. त्यांचे कागद उर्दूत, त्यांची बोली आम्हाला कळायची आणि कागद कळायचा नाही. तसला माणूस वेशीत दिसला की लोक कोंबड्या झाकायचे, शेळी मागच्या दारानं काढायचे, आणि तरणे गडी नदीकडं पळायचे, नाहीतर वेठीला धरून सामान वाहायला लावायचे. जर्मन-जपानच्या लढाईच्या वर्षांत त्यात लेव्हीची भर पडली. पिकलेल्या ज्वारीतला वाटा सरकारला घालायचा, आणि वाटा किती हे सरकारनंच ठरवायचं. आपलंच पिकवलेलं आपल्याच घरात लपवायची वेळ आली. ह्याला राज्य म्हणायचं असेल तर म्हणा.

आमच्याकडं ज्वारी पेवात ठेवायची पद्धत होती. पेव म्हणजे जमिनीतलं आडासारखं खोल कोठार, आतून शेणानं लिंपलेलं, वरून दगड आणि माती घालून बुजवलेलं. आमचं पेव गोठ्यात गव्हाणीखाली होतं. वरून बैल उभे राहायचे, कुणाला संशय यायचा नाही.

माझ्या नणंदेच्या, अक्काच्या, बाळंतपणाच्या आदल्या थंडीतली गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. त्या वर्षी गावात मुसळ पडलं आणि आम्ही नेहमीसारखे माळावर गेलो. चार-दोन दिवसांत तिथं दवंडी आली. सरकारनं माणसं पाठवलीत, ती घराघरात पिलेगचं औषध शिंपडणार आहेत, तर गावकऱ्यांनी घरांना कुलपं घालू नयेत, दारं उघडी ठेवावीत. झोपड्या-झोपड्यांतून बोलणं झालं. कुणी म्हणालं ठेवावं, कुणी म्हणालं नको. आमचे अप्पा मोठे विश्वासाचे माणूस, लोक त्यांचा शब्द मानायचे. ते म्हणाले, सरकार आपल्या जिवासाठी काही करत असेल तर आपण आडवं कामून जावं. म्हणून ते स्वतः गावात गेले, आमचं कुलूप काढून आले, आणि त्यांचं बघून बाकीच्यांनीही काढली.

औषध शिंपडलं, नाही असं नाही. ओसरीच्या भिंतींना त्याचे पांढरे डाग बरेच दिवस होते. पण औषधवाल्यांच्या मागून गाड्या आल्या, आणि गाड्यांबरोबर लोखंडी सळई घेतलेला एक चपराशी. तो सळई जमिनीत खुपसायचा, पोकळ लागलं की खणायला लावायचा. रिकामं गाव, उघडी दारं, अडवायला माणूस नाही. माळावरून आम्हाला भरलेल्या गाड्या जाताना दिसल्या आणि आधी वाटलं, कुणा व्यापाऱ्याच्या असतील. पाडव्याला परतलो तर गोठ्यात गव्हाण उपटून फेकलेली आणि तिच्या जागी खड्डा. अव्वा त्या खड्ड्याच्या काठावर बसली आणि बराच वेळ उठलीच नाही.

त्या उन्हाळ्यात आम्ही काय खाल्लं ते आठवून आजही तोंड कडू होतं. कण्या, अंबाडी, तरोटा, कुणी दिली तर तुरीची डाळ. माझा थोरला पोटात होता. पण मला राग धान्य नेल्याचा तेवढा नाही, तो तर दरसालचाच जाच होता. दार उघडं ठेवा, तुमच्या जिवासाठी आलोय, असं सांगून नेलं, त्याचा आहे. शिकलेले लोक पुढं कधी कधी माझ्यासमोर म्हणायचे, की खेड्यातली माणसं अडाणी, डाक्टर आला की दारं लावून घ्यायची. अरे बाबांनो, अडाणी म्हणून नाही लावत. एकदा उघडं ठेवलेलं असतं म्हणून लावतात.

अप्पा त्या वर्षानंतर बदलले. कुलूप काढायला आपण सांगितलं ही गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही, आणि गावानंही ती जाऊ दिली नाही. तोंडावर कुणी बोललं नाही, पण पारावर ते आले की बोलणं थांबायचं.

पुढच्या दसऱ्यानंतर अक्का आली, पहिल्या बाळंतपणाला. अक्का माझ्याच वयाची, गुलबर्ग्याला दिलेली. शहरात राहून तिची जीभ फार चुरूचुरू चालायची. मला म्हणायची, वैनी, तुझ्या हातात सगळं हाय, मीठ तेवढं न्हाई. माझी आमटी ओरपायची आणि वर नावं ठेवायची, पुन्हा वाटी पुढं करायची. माझ्या लेकराला मांडीवर घेऊन त्याला गुलबर्ग्याच्या बाजारातल्या गमती सांगायची, त्याला काय कळायचं, पण तो तिच्या तोंडाकडं बघत राहायचा. नणंद-भावजयीचं पटत नाही म्हणतात त्यांनी आम्हाला बघायला पाहिजे होतं. ती घरात असली की मला माहेरी असल्यासारखं वाटायचं.

मार्गशीर्षात तिला मुलगी झाली. सुखरूप सुटली, पण अंगात रक्त उरलं नव्हतं, उठून बसली की घेरी यायची. त्याच दिवसांत खळी झाली, आणि ज्वारी ठेवायची कुठं हा प्रश्न घरात आला. पेव तर आता सळईला माहीत झालं होतं. अप्पांनी रात्रंदिवस विचार केला आणि एक दिवस जेवताना म्हणाले, की अक्काच्या खोलीत ठेवू.

त्यांचं डोकं कसं चाललं ते नीट सांगते. आम्ही बसवण्णाला मानणारे, आमच्यात बाळंतिणीचा विटाळ धरत नाहीत. पण तालुक्याहून येणाऱ्यांना ते कुठं ठाऊक? त्यातला हिंदू असला तर विटाळाला भिऊन उंबऱ्याबाहेर थांबणार, मुसलमान असला तर बायकांच्या खोलीत पाऊल टाकणार नाही. गावातलं असं एकच ठिकाण, जिथं सरकारचा हात पोचत नव्हता. हुशारीची गोष्ट होती, मलाही तेव्हा तशीच वाटली. आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, आणि अप्पांनी पोती आत आणली. निम्मी बाजेखाली सारली, निम्मी भिंतीला लावून वर वाकळा टाकल्या. बाजेखाली शेगडी ठेवायची असते, बाळंतिणीला आणि लेकराला शेक लागायला. ती जागा पोत्यांनी घेतली, म्हणून शेगडी कोपऱ्यात गेली. अक्का हसून म्हणाली की ज्वारीवर झोपायचं भाग्य राणीलासुद्धा मिळत नसेल.

धान्य जिथं, उंदीर तिथं. पहिल्या आठवड्यात नुसती खुडबुड ऐकू यायची. पौष लागला आणि एका सकाळी अव्वा शेगडीतली राख काढायला आत गेली, ती सुपात काहीतरी झाकून बाहेर आली. तिनं मला दाखवलं. मोठा उंदीर, फुगलेला, तोंडाशी रक्त.  अव्वानं सूप न्हाणीच्या चुलीजवळ ठेवलं, सरळ माजघरात गेली आणि उखळाजवळचं मुसळ उचललं. जन्मभराची सवय तिच्या हातांना. ती ओसरीपर्यंत आली तेव्हा अप्पा समोर उभे राहिले.

"मुसळ टाकलंस की गाव उठतंय," ते म्हणाले. "गाव उठलं की ते येतेत. ह्या खेपी काय घालणार हायस लेकरांना?"

त्यांनी मुसळ तिच्या हातातून काढून घेतलं आणि पुन्हा जागेवर उभं केलं. उंदीर न्हाणीच्या चुलीत गेला. अव्वा चुलीपुढं बसून राहिली, लाकूड पुढं सारत. मी तिला म्हटलं, निदान अक्काला तरी मळ्यात हलवू. तिनं अप्पांना विचारलं आणि अप्पांनी जे सांगितलं ते मला अजून शब्दाशब्दानं आठवतं आणि अजून माझं डोकं फिरतं. पौषाच्या गारठ्यात ओली बाळंतीण मळ्यात नेली तर गाव विचारेल कामून नेली, आणि ते मुसळ टाकल्यासारखंच होईल. शिवाय ती गेली तर ती खोली बाळंतिणीची राहत नाही, पोत्यांची राहते. म्हणजे सरळ सांगायचं तर त्यांनी आपल्या लेकीला ज्वारीच्या राखणीला बसवलं होतं. ते वाईट बाप नव्हते. लेकीच्या जिवापेक्षा ज्वारी मोठी, असं त्यांच्या मनात कधीच नव्हतं. एक उंदीर पडला, कदाचित पुढं पडणारही नाही, असं ते स्वतःला समजावत होते, आणि गेल्या उन्हाळ्यातली उपासमार त्यांना उंदरापेक्षा जवळची वाटत होती. मी नवऱ्याला रात्री छेडलं, तर ते म्हणाले अप्पांना जास्त कळतं, आणि कूस बदलून झोपले.

दुसरा उंदीर पडला, तिसरा पडला. न्हाणीची चूल दिवसा पेटायला लागली. गल्लीत मी मान खाली घालून चालायचे, आणि मला दिसायचं की समोरची बाईही मान खाली घालूनच चालायली. मला वाटायचं, तिला आमचं कळलंय.

अशात डाक्टर आला. बिदरहून आला होता, तरणा माणूस, टोपी आणि धुळीनं भरलेला कोट. आजूबाजूच्या गावांत ताप सुरू झाला होता, म्हणून सुई टोचायला पाठवला होता. गाडीतून उतरला, चावडीपुढं उभा राहून त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं, की ही सुई घेतली तर ताप आला तरी माणूस बहुतेक वाचतं, दोन दिवस दंड दुखेल, दुसरं काही नाही. आवाजात गुर्मी नव्हती. आज वाटतं, तो खरंच आमच्या जिवासाठी आला होता. पण त्याच्याकडं बघितलं कुणी? सगळं गाव बघत होतं ते त्याच्या औषधाची पेटी डोक्यावर घेऊन आलेल्या चपराशाकडं. सळईवाला तोच. त्या दिवशी हातात सळई नव्हती, पण गावानं तोंड ओळखलं. डाक्टरचं बोलणं संपायच्या आत दारं लागायला लागली.

तरी तो बिचारा घरोघर फिरला. आमच्या ओसरीवर आला तेव्हा मी दाराआड उभी होते. अप्पांनी त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, आमच्याकडं उंदीर पडला न्हाई, कुणाला ताप न्हाई. त्यानं आत लेकराचं रडणं ऐकलं आणि विचारलं, घरात बाळंतीण आहे का. अप्पा म्हणाले हाय, पण तिकडं कुणाला जाता येत न्हाई. तेव्हा तो त्याच्या दखनीत म्हणाला, "जच्चा है तो पहले उसकूच सुई देना. मेरेकू तुमारे अनाज से क्या करना है, बाबा?"

अनाज हा शब्द त्यानं काढायला नको होता. त्याला गेल्या वर्षीचं कुणीतरी सांगितलं असणार, आणि तो मनापासून बोलला असणार. पण अप्पांचा चेहरा बघता बघता दगडासारखा झाला. ज्याला धान्याशी घेणं नाही, तो धान्याचं नाव कशाला काढेल, असं त्यांनी पुढं मला बोलून दाखवलं.

मी आत गेले. अक्का बाजेवर उठून बसली होती, भिंतीला धरून. तिनं सगळं ऐकलं होतं. "वैनी, मला सुई घ्यायचीय," ती म्हणाली. "गुलबर्ग्याला आमच्या गल्लीत सगळ्यांनी घेतली. मीच पोटुशी म्हणून राहिले. अप्पाला सांग, मी बाहेर येते, त्यानं आत यायची गरज न्हाई."

मी ओसरीच्या दारात जाऊन अप्पांना खुणावलं, ते आत आले, मी सांगितलं. अक्कानंही आतून सांगितलं. अप्पा खालच्या आवाजात म्हणाले, की तू बाहेर आलीस तर त्याच्या मागं असलेला चपराशी आत बघंल. दार उघडलं की पोती दिसतात. उद्या त्याला एकट्याला बोलावू, चपराशाशिवाय. अक्कानं बाजेवरून पाय खाली सोडले, उभी राहिली, आणि तिला घेरी आली. मी तिला धरून खाली निजवलं. बाहेर डाक्टर थोडा वेळ थांबला, मग पुढच्या घरी गेला. संध्याकाळी त्याची गाडी जशी आली तशी गेली. मला वाटतं, सबंध गावात त्याला सुई टोचायला एक दंड मिळाला नसेल.

उद्या बोलावू म्हणाले होते ते त्यांनी खरंच ठरवलं होतं. पण डाक्टर दुसऱ्या गावाला निघून गेला होता, आणि त्याच्या मागं माणूस पाठवावा की नाही यात अप्पांचे आणखी दिवस गेले.

अक्काला ताप भरला तो अशाच एका दुपारी. मला तापावरून कळलं नाही, बाळंतिणीला ताप येतोच. लेकराला पाजायला ती कुशीवर वळायला गेली आणि तिचा डावा पाय वर होईना, तेव्हा कळलं. मी हात लावून बघितला. जांघेत लिंबाएवढी गाठ. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मी तोंड फिरवायच्या आत तिला समजलं. तिनं लेकराचं तोंड छातीपासून सोडवलं, दुपट्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं.

"हिला घेऊन माळावर जा," ती म्हणाली. "तुझ्यापशी दूध हाय. आत्ताच जा."

मी म्हटलं, मी तुला सोडून कशी जाऊ. त्यावर ती भिंतीकडं तोंड करून निजली. लेकरू रडायला लागलं तरी तिनं वळून बघितलं नाही. ती कशी राहिली असेल तशी, हे माझं मला ठाऊक, मीही आई आहे.

मी बाहेर आले तर ओसरीत अप्पा उभे. अव्वानं दारातून बघितलं होतं, तिनंच त्यांना सांगितलं होतं. ते माजघरात गेले, मुसळ उचललं, आणि सगळ्या गल्लीसमोर उंबऱ्याबाहेर आडवं टाकलं. पुरुषानं मुसळ टाकलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही. मग ते तिथंच पायरीवर बसले.

मी माझ्या पोराला पाठीशी बांधलं, अक्काच्या लेकीला छातीशी धरलं आणि निघाले. समोरच्या दारात ती बाई उभी होती. तिनं आमचं मुसळ बघितलं. आत गेली आणि तिचं मुसळ घेऊन आली, तेही आडवं टाकलं. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. तिच्या शेजारच्या घरातून मुसळ आलं. मग पलीकडच्या. मी गल्लीतून चालत होते आणि माझ्यापुढं एकेका दारात मुसळं पडत होती. त्या घरांत उंदीर काही त्याच दिवशी पडले नव्हते. आठवड्यांपासून पडत होते. आम्ही न्हाणीच्या चुलीत जाळत होतो, कुणी उकिरड्यात पुरत होतं, कुणी ओढ्यात टाकत होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं आपलं एकट्याचंच आहे. सगळ्या गावानं सरकारपासून ज्वारी लपवली, आणि ती लपवता लपवता एकमेकांपासून पिलेग लपवला. वेशीपर्यंत पोचेपर्यंत मी मोठ्यानं रडत होते, आणि दुःखापेक्षा त्यात संताप जास्त होता. कुणावर करायचा तेवढं कळत नव्हतं.

अक्काजवळ अव्वा राहिली. माझे मालक डाक्टरच्या शोधात गाडी घेऊन गेले आणि त्याला घेऊन आले, तेव्हा ती बोलायची थांबली होती. आता त्या खोलीत कुणाला मज्जाव नव्हता. डाक्टर आत गेला, वाकळांखालची पोती त्यानं बघितली, शेगडी कुठं आहे ते बघितलं, आणि कुणाला काही विचारलं नाही. पहाटे अक्का गेली. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, विभूती लावून, फुलं घालून, मागं भजन असतं. तिच्या मागं कुणी नव्हतं. क्रियाकर्म करणारा जंगम आला नाही, शेजारी आले नाहीत, त्यांना तरी काय म्हणायचं, प्रत्येकाच्या घरात काही ना काही होतंच. अप्पांनी आणि माझ्या मालकांनी खड्डा खणला, दोघांनीच तिला बसवलं. अव्वानं विभूती लावली.

त्या थंडीत आमच्या गल्लीतली बरीच माणसं गेली. समोरच्या बाईचा नवरा गेला. उरलेल्यांना डाक्टरनं माळावर येऊन सुया दिल्या, आणि आता सगळ्यांनी न सांगता दंड पुढं केले. अप्पांनीही केला. चपराशी पेटी धरून उभा होता, त्याच्याकडं कुणी ढुंकून बघितलं नाही. आणि लेव्हीच्या गाड्या? त्या आल्याच नाहीत. गेल्या खेपी नुसते उंदीर पडले होते, ह्या खेपी माणसं मेली होती, म्हणून गावात पाय टाकायला ते लोक घाबरले. गाव रिकामं होतं, दारं सताड उघडी होती, ज्वारीच्या पोत्याला कुणी हात लावला नाही.

पाडव्याला परत आलो. खोलीची माती खरवडून काढली, बाज जाळली, पोती उन्हात टाकली. अव्वा म्हणाली, ही ज्वारी माझ्या चुलीवर चढणार न्हाई, नेऊन ओढ्यात ओता. कुणी ओतली नाही. महिनाभर आम्ही इकडून तिकडून मागून भाकरी केली, मग कुणी द्यायला तयार होईना, आणि एक दिवस अव्वानंच पोत्याचं तोंड सोडलं. पहिल्या दिवशी ती भाकरी कुणाच्या घशाखाली उतरली नाही. दुसऱ्या दिवशी उतरली. भुकेला लाज नसते, आणि मी ते आता कुणापासून लपवत नाही.

अक्काची मुलगी माझ्या दुधावर वाढली. तिचे वडील गुलबर्ग्याहून आले होते, लेकीला जवळ घेऊन बसले आणि मोठी झाल्यावर नेतो म्हणून गेले. आषाढात तिचं उष्टावण करायचं ठरलं, म्हणजे लेकराला अन्नाचा पहिला घास. घरात दुसरं काही नव्हतं. मी त्याच ज्वारीच्या पिठाची पातळ पेज शिजवली. मीठ बरोबर पडलं की नाही म्हणून दोनदा चाखली, अक्का असती तर नाव ठेवलं असतं. अव्वानं नातीला मांडीवर घेतलं, बोटावर पेज घेतली आणि तिच्या ओठांना लावली. पोरीनं बोट चाटलं, आणि लगेच पुन्हा तोंड उघडलं.

मी वाटी पुढं करायला कचरले. अव्वानं ती माझ्या हातातून घेतली.

"दे की पोटभर," ती म्हणाली. "तिच्या आईनं राखलेली ज्वारी हाय."

अप्पा ओसरीत बसले होते. त्यांनी ऐकलं.